गादीच्या आधी पायांकडे बघा
वाचकांचे प्रश्न : कंबर आणि कंबरेखालच्या सांध्यांचं दुखणं घेऊन झोपायचं कसं?

या विषयावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत शेवटी एकच ओळ आहे : "तर मग गादी कोणती घेऊ?" गादीचं उत्तर पुढे दिलं आहे. पण ज्यांची झोप रात्री दोन-दोनदा मोडते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा घोटाळा गादीत नसून कुशीवर झोपल्यावर वर राहणाऱ्या पायात असतो, म्हणून सुरुवात तिथून.

प्रश्न : वय ४६, शिक्षिका. उजव्या बाजूला कंबरेखाली जिथे खळी पडते, तिथे बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतं. डॉक्टरांनी 'एसआय जॉइंट'चं दुखणं सांगितलं आहे. दिवस कसाबसा निघतो, पण रात्री कूस बदलताना अशी कळ निघते की जागच येते. गुडघ्यांमध्ये उशी घ्यायला सांगितली होती. दोन महिने घेते आहे, काही फरक नाही. चूक उशीत आहे की माझ्यात?
— एक वाचक, मिरज

उशीत. नेमकं बोलायचं तर तिच्या लांबीत.

मणक्याच्या तळाशी जे त्रिकोणी हाड असतं, ते दोन्ही बाजूंच्या रुंद हाडांना जिथे जुळतं तो एसआय जॉइंट. डावीकडे एक, उजवीकडे एक. खांद्या-गुडघ्यासारखा तो फिरत नाही. त्याची हालचाल जेमतेम दोन-चार अंशांची. पण धडाचं सगळं वजन त्याच्यातूनच पायांत उतरतं, आणि दुखरा झाला की पीळ त्याला अजिबात सोसत नाही. तुम्ही डाव्या कुशीवर झोपलात की वरचा, म्हणजे उजवा पाय आपल्याच वजनाने पुढे आणि खाली घसरतो. मांडी आत वळते आणि कंबरेचं हाड तिच्यामागे ओढलं जातं. खांदे मात्र होते तिथेच. ओला कपडा पिळावा तसा हा पीळ तास-दोन तास तसाच राहतो, आणि त्या अवस्थेतून तुम्ही झटक्यात वळता. कळ निघणारच.

डोक्याची उशी गुडघ्यांत घेतली की गुडघा वर उचलला जातो, पण पाऊल गादीवर लोंबत राहतं. म्हणजे मांडी पुन्हा आत वळलेलीच. त्यातून उशी जुनी, कापूस बसलेली असेल तर पायाच्या वजनाखाली ती दोन बोटंसुद्धा उरत नाही. आधार गुडघ्याच्या थोडा वरपासून घोट्याच्या पुढेपर्यंत सलग हवा. मध्यम उंचीच्या बाईला साधारण ६० सेंटिमीटर लांबी लागते, आणि पाय ठेवून दबल्यावर १२ ते १५ सेंटिमीटर जाडी. यासाठी बाजारातून काही आणायची गरज नाही. दोन सोलापुरी चादरी किंवा एक जाड गोधडी लांबट घडी घालून जुन्या अभ्र्यात कोंबली की काम होतं. बैठकीवरचा लोडही चालतो, पण फार टणक आणि गोल असेल तर पाय त्यावरून घरंगळतो. माप बरोबर आहे का हे तुम्हाला झोपल्या झोपल्या कळणार नाही, घरातल्या कोणाला तरी पायथ्याशी उभं करा. खुबा, गुडघा आणि घोटा एका पातळीत दिसले पाहिजेत. गुडघा खुब्यापेक्षा वर जात असेल तर आधार जास्त झाला. तोही वाईटच, कारण मग जांघेत ताण येतो.

एवढं करूनही कंबर अवघडते तेव्हा दोन जागा तपासा. एक, कुशीवर झोपल्यावर बरगड्या आणि खुबा यांच्यामध्ये गादीपासून जी पोकळी राहते ती. रुंद खुबा आणि कडक गादी असेल तर ही पोकळी मोठी असते आणि कंबर रात्रभर त्यात झोळीसारखी लोंबते. अंघोळीच्या टॉवेलची तळहाताएवढी रुंद, दोन-तीन सेंटिमीटर जाड पट्टी करून तिथे सरकवा. खुब्याखाली नाही, बरोबर पोकळीत. दुसरी जागा म्हणजे वरचा हात. तो पुढे पडला की खांदा पुढे जातो आणि पीळ वरून सुरू होतो. छातीशी एक साधी उशी कवटाळून झोपलं की हे थांबतं.

आता कूस बदलणं. झोपेत माणूस आधी डोकं, मग खांदे फिरवतो आणि पाय मागून ओढून आणतो. तुमची कळ नेमकी या मधल्या क्षणाची आहे. त्याऐवजी आधी अंगावरचं पांघरूण सैल करा, कारण पायात गुंडाळलेली चादर अर्धं वळण अडवते. दोन्ही गुडघे दुमडा. मधला आधार गुडघ्यांनी हलकेच दाबून धरा. हा दाब महत्त्वाचा : मांडीच्या आतले आणि ओटीपोटाचे स्नायू आवळले जातात आणि ते कंबरेच्या हाडांचं कडं वळण्याआधीच घट्ट धरतात. श्वास सोडत खांदे आणि गुडघे एकदमच वळवा, जसं लाकडाचा ओंडका लोळवावा तसं. आधारही तुमच्याबरोबर वळतो, वेगळा उचलून दुसरीकडे ठेवावा लागत नाही. आधी दिवसा, पूर्ण जागेपणी दहा-बारा वेळा हे करून बघा. रात्री अर्धवट झोपेत शरीर तेच करतं जे त्याच्या सवयीचं आहे, त्यामुळे पहिला आठवडा चुका होतील.

बहुतेकांना दुखरी बाजू वर ठेवून बरं वाटतं, पण हा नियम नाही. काहींना उलट सोसतं. मात्र ज्या बाजूवर झोपता त्याच बाजूच्या खुब्याच्या बाहेरच्या टोकदार हाडावर दुखत असेल, तर ते बहुधा एसआय जॉइंटचं नसून तिथल्या स्नायूबंधांचं आहे. त्याचे व्यायाम वेगळे असतात, म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती जागा बोटाने दाखवा.

प्रश्न : मला एकतिसावा आठवडा चालू आहे. पुढे, ओटीपोटाच्या अगदी खाली हाडावर दुखतं. जिना चढताना आणि रात्री बाथरूमला उठताना तर जीव जातो. सासूबाई म्हणतात डाव्या कुशीवरच झोप, उजवीकडे वळलीस तर बाळाला त्रास होईल. डावी बाजू आता बधिर होते. वेदनाशामक गोळी घेतली तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

पुढची दोन हाडं जिथे जुळतात तो सांधा आणि मागचे दोन एसआय जॉइंट मिळून एक कडं होतं. गरोदरपणात हे सांधे थोडे सैलावतात, वजनाचा तोल पुढे जातो, आणि कड्याची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त हलू लागली की दुखतं. पाचांतल्या एकीला तरी हे होतं. बाळाला त्याने काही होत नाही. पण "गरोदरपणात दुखायचंच" म्हणून सोसत बसू नये, कारण लवकर फिजिओथेरपी सुरू केली तर ते बरंच आटोक्यात राहतं.

डाव्या-उजव्याचं आधी. २८ आठवड्यांनंतर झोपी जाताना कुशीवर असावं, उताणं नको, हा सल्ला खरा आहे, कारण उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो. पण डावी आणि उजवी कूस दोन्ही चालतात. सासूबाईंना तसं मोकळेपणाने सांगा, हवं तर पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. जाग आल्यावर उताणं आढळलात तर घाबरायचं कारण नाही, कुशीवर वळायचं आणि झोपायचं.

पायांमधला आधार वर सांगितला तसाच, फक्त जाडी थोडी कमी ठेवा, कारण तुमच्या पुढच्या सांध्याला पाय फाकलेले चालत नाहीत. पोटाखाली एक पातळ उशी किंवा दुमडलेला पंचा सरकवा, म्हणजे पोट खाली ओढत नाही. वळताना गुडघे घट्ट जुळलेले, आणि आधार जोराने दाबू नका. पुढच्या सांध्यावर तो दाबच कधी कधी दुखतो. एक साधी युक्ती फार उपयोगी पडते : खुब्यापासून मांडीपर्यंतच्या भागाखाली सॅटिनचा कपडा अंथरा. जुना सॅटिनचा परकर उसवून सपाट केला तरी चालतो. जाड सुती चादरीवर सुती गाऊन अडकून बसतो आणि प्रत्येक वळणाला कंबर उचलावी लागते. सॅटिनवर ती सरकते. मात्र तो कपडा पलंगाच्या कडेपर्यंत आणू नका, नाहीतर उठताना तुम्हीच घसराल.

बाथरूमला उठताना सरळ उठून बसायचं नाही. कुशीवर या, गुडघे जुळवून दोन्ही पाय एकत्रच कडेवरून खाली सोडा, त्याच वेळी खालचं कोपर आणि वरचा तळहात गादीवर रेटून धड उचला. बसल्यावर दोन-तीन श्वास थांबा. मग दोन्ही पावलांवर सारखा भार देत उभ्या राहा. पहिली पावलं लहान टाका. सलवार, लेगिंग किंवा चपला उभ्याने, एका पायावर तोल सावरत घालू नका. बसून घाला.

पट्टा वापरत असाल तर तो पोटावर किंवा कंबरेवर नव्हे, खाली खुब्यांच्या पातळीवर आवळायचा असतो. फार वर बांधला की त्याचा उपयोग शून्य. चालताना, कामात वापरा, झोपताना काढा.

गोळीबाबत मात्र स्पष्ट : आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांची मिश्रणं मनाने घेऊ नका. विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर आणि गर्भजलावर परिणाम होऊ शकतो. मेडिकलमधून "कंबरेची गोळी द्या" म्हणून मागितली की बरेचदा यातलीच हातात पडते. पॅरासिटामॉल चालतं, तेही किती आणि किती दिवस हे तुमच्या डॉक्टरांना विचारून.

आणखी एक गोष्ट आताच करून ठेवा. थोडा वेळ पाठीवर रेलून, गुडघे दुमडून, दुखणार नाही इतकेच ते बाजूला करा आणि दोन गुडघ्यांमधलं अंतर टेपने मोजा. तो आकडा फाइलवर लिहा आणि बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना, नर्सला दाखवा, म्हणजे तपासताना किंवा प्रसूतीच्या वेळी पाय विनाकारण त्यापलीकडे फाकवले जाणार नाहीत. बाळंतपणानंतर बहुतेकींचं दुखणं काही आठवड्यांत, महिन्यांत ओसरतं. फक्त माहेरी सैल सुंभाची बाज तयार ठेवली असेल तर ती आधी ताणून घ्या. मध्ये खोल गेलेल्या बाजेवर कुशीवर झोपणं म्हणजे या कड्याला दोन्हीकडून चेपणं. आणि दारं-खिडक्या लावून बाजेखाली कोळशाची शेगडी अजिबात नको. तो धूर दिसत नसला तरी विषारी असतो.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे. मणक्यात नसांची जागा अरुंद झाली आहे असं एमआरआयमध्ये आलं. आयुष्यभर जमिनीवर सतरंजी टाकून झोपले, आताही ऐकत नाहीत. "कडक जागा मणक्याला चांगली" म्हणतात. आम्ही महागडी गादी घ्यावी का?
— एक वाचक, सातारा

कडक ते चांगलं ही समजूत डॉक्टरांनीच वर्षानुवर्षं पसरवली, वडिलांचा दोष नाही. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या ३१३ जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवरचा प्रयोग छापून आला. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. तीन महिन्यांनी मध्यम कडक गादीवरच्या लोकांचं दुखणं आणि दिवसाची अडचण दोन्ही जास्त कमी झाले होते. जमीन तर कडक गादीहूनही कडक.

तरी महाग म्हणजे बरोबर असं नाही. दुकानात गादीवर हाताने दाबून बघण्यात अर्थ नसतो. आपली नेहमीची उशी सोबत न्या, कुशीवर आणि पाठीवर मिळून दहा-पंधरा मिनिटं झोपा. पाठीवर असताना कंबरेखाली तळहात सरकवा. सहज आरपार गेला तर गादी फार कडक, घुसलाच नाही तर फार मऊ. घरातली कापसाची गादी चार इंच जाड आणि नीट भरलेली असेल तर तीही उत्तम. बिघडते ती कापूस बसल्यामुळे. खुब्याच्या जागी खड्डा आणि बाजूंना गुठळ्या होतात, आणि माणूस रात्रभर त्या खड्ड्यात घरंगळतो. पिंजारी मिळत असेल तर कापूस पिंजून पुन्हा भरून घ्या, तोवर दर महिन्याला डोक्याकडची बाजू पायाकडे करा. पलंगाच्या पट्ट्या वाकल्या असतील तर नवी गादीही वाकणारच. खाली १२ मिलिमीटरचं प्लायवूड टाका.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मोठा प्रश्न गादीचा नाही, झोपण्याच्या स्थितीचा आणि उठण्याचा आहे. अरुंद जागेतल्या नसांना पाठ मागे ताणली की जास्त चेंगरतं, किंचित पुढे वाकलं की मोकळीक मिळते. बाजारात हातगाडीला किंवा ट्रॉलीला टेकून चालताना बरं वाटतं ते त्यामुळेच. सपाट सतरंजीवर पाय लांब करून झोपणं म्हणजे मागे ताणूनच झोपणं. त्यांना पाठीवर झोपायचं असेल तर गुडघ्यांखाली दोन उशा किंवा लोड द्या, कुशीवर असतील तर गुडघे पोटाकडे थोडे ओढून. पलंगाची उंची गादीसकट ४५ ते ५० सेंटिमीटर असावी. कडेवर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. जमीन सोडायला ते तयारच नसतील तर अंथरुणाशेजारी भिंतीला टेकवलेली जड खुर्ची ठेवा. कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर, मग खुर्चीच्या बैठकीवर हात, एक पाऊल पुढे आणि वर. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको.

प्रश्न : वय २७, पुण्यात आयटीमध्ये. पहाटे तीन-चारला कंबर आणि दोन्ही कुल्ल्यांच्या आतून दुखून जाग येते. उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. सकाळी तासभर पाठ लाकडासारखी असते. सात-आठ महिने झाले. तीन गाद्या बदलल्या. चौथी कोणती घेऊ?
— एक वाचक, पुणे

चौथी घेऊ नका. संधिवाततज्ज्ञांची, म्हणजे रुमॅटोलॉजिस्टची वेळ घ्या.

श्रमाचं दुखणं पडून राहिल्यावर कमी होतं. तुमचं पडून वाढतंय आणि चालून कमी होतंय. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं, रात्रीच्या उत्तरार्धात उठवणारं, सकाळी दीर्घ आखडलेपण देणारं दुखणं हे एसआय जॉइंटच्या दाहक संधिवाताचं लक्षण असू शकतं. कधी डोळा लाल होऊन दुखला होता का, अंगावर सोरायसिस आहे का, घरात कोणाला असा त्रास आहे का, हे आठवून जा. सीआरपी, एचएलए-बी२७ या रक्ताच्या तपासण्या आणि एसआय जॉइंटचा एमआरआय करायला सांगतील. साधा एक्स-रे पहिली काही वर्षं अगदी स्वच्छ येऊ शकतो, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे, काही नाही" यावर थांबू नका. चांगली औषधं आहेत, आणि लवकर सुरू केलेली बरी.

झोपेपुरतं बोलायचं तर इतरांना दिलेला सल्ला तुम्हाला उलटा लागू होतो. गुडघ्यांखाली जाड उशी घेऊन रात्रभर झोपायची सवय लावू नका, खुबे वाकलेल्या स्थितीतच आखडतात. डोक्याखाली पातळ उशी, आणि रोज १५ मिनिटं पालथं पडणं चांगलं.

प्रश्न : गरम पाण्याची पिशवी रात्रभर कंबरेखाली ठेवून झोपले तर? आधी बाम लावते.
— एक वाचक, वेंगुर्ला

दोन्ही एकत्र नको. बाम लावून वरून शेक घेतला की कातडी भाजते, आणि झोपेत ते कळत नाही. पिशवी दोन-तृतीयांश भरा, हवा काढून बूच लावा, उकळतं पाणी घालू नका. टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, झोपायच्या आधी, आणि अंगाखाली नव्हे तर अंगावर. मधुमेह असून पायांना, कंबरेला स्पर्श कमी कळत असेल तर पिशवीची उष्णता दुसऱ्या कोणी तपासावी.

प्रश्न : यजमानांची नस दबली आहे, डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते. कोणत्याच कुशीवर झोप नाही. ऑपरेशनची घाई कधी करावी?
— एक वाचक, लातूर

स्थिती निवडायची एक कसोटी आहे. ज्या स्थितीत पायातली कळ खालून वर सरकत कंबरेकडे गोळा होते ती चांगली, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी हरकत नाही. ज्या स्थितीत कळ पोटरीकडे, पावलाकडे पसरते ती सोडा. प्रत्येक स्थितीला पाच मिनिटं द्या. काहींना जमिनीवर पाठ टेकून दोन्ही पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या की सुटका मिळते. झोपण्याआधी दहा मिनिटं हे करून मग अंथरुणात गुडघ्यांखाली उशा घ्याव्यात. दिवसरात्र पडून राहणं मात्र नको, थोडं थोडं चालत राहावं.

घाई कधी, तर जांघा आणि गुदद्वाराभोवती, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिला नाही, किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली तर. त्या रात्रीच हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. पाऊल उचलताना चप्पल घसटू लागली तर एक-दोन दिवसांत दाखवा. आणि कोणत्याच स्थितीत न थांबणारं रात्रीचं दुखणं, संध्याकाळचा ताप, उतरत चाललेलं वजन हे एकत्र असेल तर मणक्याचा टीबी आहे का ते तपासून घ्यायला हवं. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही.

प्रश्न : मला पालथं झोपल्याशिवाय झोपच येत नाही. सगळे ओरडतात.
— एक वाचक, मडगाव

ओरडू द्या, पण उशीची जागा बदला. डोक्याखालची काढून (फार तर दुमडलेला पंचा ठेवून) ती ओटीपोटाखाली घ्या, बेंबीपासून जांघेपर्यंत, म्हणजे कंबर खाली झुकणार नाही. घोट्यांखाली गुंडाळलेली चादर ठेवली तर पावलं ताणली जात नाहीत. एक गुडघा बाजूला वर ओढून झोपायची सवय असेल तर त्या मांडीखालीही उशी सरकवा, नाहीतर पहिल्या पत्रातला तोच पीळ इथे पालथा पडून भेटेल.